साताऱ्याचे मॅनेजर

भोरला आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी कॉम्प्युटर क्लास चालवत असे. टायपिंग शिकायला मुली यायच्या, कुणाला ई-मेल करायचा असला तर तोही करून देत असे. मोबाईलवर इंटरनेट यायच्या आधीची ही गोष्ट. लाइन टेलिफोनची, त्यात भारनियमन. वीज असेल त्या वेळात सगळं उरकायचं.

यजमानांनी हायवेवरच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. आलेल्या पैशांतून नसरापूरला दुकानाचा गाळा घ्यायचा आणि क्लास तिकडं हलवायचा, असं आमचं ठरलं होतं. हायवेच्या गावांतून, शिवाय वेल्ह्याच्या रस्त्याला मार्गासनीपासूनच्या मुली सहज येऊ शकतील, हा माझा हिशेब. गाळेवाला दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होता.

मधल्या काळात यजमानांना शेअर बाजाराचा नाद लागला. माणूस दिवसभर रिकामा, आणि घरात कॉम्प्युटर. पुण्याला जाऊन डीमॅट खातं उघडून आले. संध्याकाळी मुली गेल्या की ते खुर्चीत बसत आणि इंटरनेटवर एक चर्चेचं पान उघडत. देशभरचे लोक तिथं टोपणनावानं शेअरांबद्दल लिहायचे. तीन-चार रुपयांना मिळणाऱ्या एका शेअरवर तिथं रोज हिरीरीनं चर्चा चाललेली असे. त्यात साताऱ्याचे एक निवृत्त बँक मॅनेजर होते. यजमान त्यांना प्रश्न विचारत, ते शांतपणे उत्तर देत. जेवताना आमच्याकडं तेच. "मॅनेजरसाहेब म्हणत्यात, घाई करायची न्हाई, पण संधी बी सोडायची न्हाई."

"मॅनेजरसाहेबांना तुम्ही कधी पाहिलंय का?" मी एकदा विचारलं.

"शेअरला काय तोंड बघून पैसे लावत्यात व्हय? तू तुझ्या कीबोर्डचं बघ."

थोडे पैसे त्यांनी लावलेच होते. भाव वर चालला होता. मग एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, की गाळ्याचे सगळे पैसे या आठवड्यात त्यातच घालायचे आणि दसऱ्याला पोटमाळ्यासकट मोठा गाळा घ्यायचा. मी भांडले. उपयोग झाला नाही.

माझी धाकटी जाऊ आमच्यातच राहायची. दीर वेल्ह्याला नोकरीला, एसटीनं ये-जा करायचे. जाऊ बी.कॉम. झालेली, इंग्रजी चांगलं. दुपारी क्लास रिकामा असताना पुण्याच्या एका एजंटासाठी ती टायपिंगचं काम करायची. काय टाइप करते हे मी कधी विचारलं नव्हतं. जाहिरातीचं आहे, एवढं तिनं सांगितलं होतं. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेनं बसायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही. यजमान खोलीत आले की ती पदर डोक्यावर घेऊन आत जायची. त्यांचा चहा माझ्या हातून जायचा, त्यांचा निरोपही माझ्याच तोंडून. तिच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या दोघांत एक पुरं वाक्य झालेलं नव्हतं.

त्या सोमवारी दुपारी प्रिंटर अडला म्हणून मी तिच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर तेच पान. मॅनेजरांचं टोपणनाव मी ओळखलं, कारण यजमानांच्या पाठीमागून मी ते रोज संध्याकाळी पाहत होते. त्या नावापुढं जाऊ लिहीत होती.

"हे काय आहे?"

"काम हाय, ताई." तिनं बोटं थांबवली नाहीत. "एजंट सकाळी मेल करतो, आज काय बोलायचं ते. मॅनेजर सबुरीनं बोलतो. एक डॉक्टर हाय, तो उतावळा. एक कोल्हापूरचा सारखा शंका काढतो. भांडण असलं की लोक वाचत्यात."

"आणि हे सगळे तूच?"

"मीच."

"पैसे घेऊन लिहिलंय, हे कुठं सांगता का त्यात?"

"मी विचारलं व्हतं. एजंट म्हणला, जाहिरात म्हणून सांगितलं तर कोण वाचंल?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. "हा जो रोज प्रश्न विचारतो ना, तो कोण आहे ठाऊक आहे? आपल्या घरातला आहे. संध्याकाळी याच खुर्चीत बसतो."

ती मागं सरकली. आदल्या दिवशीचं तिचं उत्तर तिथंच होतं. कुटुंबाच्या भविष्याचा विचार करा, असं मॅनेजरांनी त्यांना लिहिलं होतं.

मी व्यवहाराची बाई. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता मॅनेजर म्हणून लिही, घेऊ नका म्हणून. माझं ते ऐकत नाहीत, मॅनेजरांचं ऐकतात."

ती म्हणाली, "तसं लिहिलं तर एजंट पुसून टाकील आन मॅनेजरचं नाव दुसऱ्याला देईल. दादांचा मॅनेजरवरचा इस्वास तसाच ऱ्हाईल." मग खुर्ची मागं सारून उठली, "मलाच सांगाय पायजे."

संध्याकाळी वीज आली आणि यजमान खुर्चीत बसले. जाऊ दारात येऊन उभी राहिली, पदर डोक्यावर. त्यांनी तिच्याकडं न बघता मला विचारलं, "हिला काय पायजे?"

"तिलाच विचारा."

"दादा," ती म्हणाली, "ते साताऱ्याचे मॅनेजर म्हंजे मी."

ते हसले. "काय बोलती ही?"

जाऊ पुढं आली. "जरा उठता का?" ते गोंधळून उठले. ती त्यांच्यादेखत त्यांच्या खुर्चीत बसली, मॅनेजरांच्या नावानं आत शिरली आणि दोन ओळी टाइप केल्या. पान पुन्हा उघडलं तेव्हा त्या मॅनेजरांच्या नावाखाली उभ्या होत्या. यजमान खुर्चीची पाठ धरून वाचत राहिले.

"आन डॉक्टर?"

"मीच."

"तो कोल्हापूरचा वाकड्या तोंडाचा?"

"तो बी मीच."

"त्याला तर मी शिव्या घातल्या व्हत्या!"

"वाचल्या मी."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. आधी ते माझ्यावर ओरडले, की मला ठाऊक असणारच. मग पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडं तोंड केलं. "घरात बसून घरच्याच माणसाला खड्ड्यात घालाय निघाली व्हतीस?"

"तुमी हाय हे मला ठाव न्हवतं, दादा."

"म्हंजे दुसरा कुणी असता तर चाललं असतं?"

तिच्या त्या कामाच्या पैशांतून घरात मिक्सर आला होता, तो मी रोज वापरत होते.

तेवढ्यात पानावर नवा प्रश्न आला. नांदेडकडचा एक माणूस मॅनेजरांना विचारत होता, की बायकोच्या नावची बँकेतली ठेव मोडून आणली आहे, उद्या सगळी यात घालू का?

यजमानांनी बोट दाखवलं. "आन ह्यो? ह्यो बी तूच?"

"न्हाई, दादा. हा खरा हाय."

"मग लिही त्याला."

तिनं लिहिलं. घेऊ नका, मी मॅनेजर नाही, हे लिहायचे मला पैसे मिळतात. सकाळी पाहिलं तर ते नाहीसं झालं होतं आणि तिला त्या नावानं आत जाता येत नव्हतं. एजंटाचा मेल आला, काम बंद. पानावर मात्र साताऱ्याचे मॅनेजर होतेच. कुणी दुसरं लिहीत होतं, आणि तिच्यापेक्षा चांगलं लिहीत होतं.

आमचे गाळ्याचे पैसे वाचले. आधी लावलेले गेले, कारण पुढं भाव रोज पडत राहिला आणि विकायला ठेवलेले शेअर कुणी घेईना. दसऱ्याला ठरलेलाच गाळा घेतला, पोटमाळ्याशिवाय. जाऊ तिथं माझ्याबरोबर शिकवायला यायची. यजमान तिच्याशी बोलू लागले, पण कामापुरतंच.

मॅनेजर बदलल्याचं कळलं त्याच सकाळी यजमानांनी स्वतःच्या टोपणनावानं त्या पानावर लिहिलं होतं. मॅनेजर खोटे आहेत, मला पक्कं ठाऊक आहे, नांदेडच्या भाऊंनी पैसे घालू नयेत. लोक त्यांच्यावर तुटून पडले. एकानं विचारलं, खोटं लिहायला तुला कुणी पैसे दिले? मॅनेजरांनी मध्ये पडून सगळ्यांना शांत केलं. भीती वाटणं स्वाभाविक आहे, असं त्यांनी आमच्या यजमानांना समजावलं.

दुपारी नांदेडच्या माणसानं मॅनेजरांचे आभार मानले. शेअर घेतले म्हणून कळवलं होतं.