रेवतीचे हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. त्याच्या तोंडात तर तीळ भिजत नाही. तुम्ही ऐका.

आधी एक सांगते, मी फोटोग्राफर चांगली आहे. उगाच नम्रपणा कशाला? इथे राजधानीत, द्वारकेपासून गाझियाबादपर्यंत कुठल्याही मराठी घरात लग्न निघालं की हॉल बुक व्हायच्या आधी मला फोन येतो. इथले बाकीचे फोटोग्राफर फेऱ्यांची वाट बघत बसतात आणि अंतरपाट कधी दूर झाला ते त्यांना कळतही नाही. मला मंगलाष्टकं पाठ आहेत. शेवटचं 'सावधान' यायच्या आत मी गुरुजींच्या खांद्यामागे पोचलेली असते!

रेवतीचा – हे तिचं खरं नाव नव्हे – फोटो तसाच मिळाला. अंतरपाट दूर झाला, हार धरलेले हात वर गेले, आणि ती नवऱ्याकडे बघून चक्क हसली. असा फोटो नशिबाने मिळतो म्हणतात. छे! तयारीने मिळतो.

तिच्या हातांवर कोड होतं, बोटांपासून मनगटापर्यंत. लग्नाआधीच तिने बजावलं होतं, "ताई, माझे डाग पुसायचे नाहीत हं. बिल्कुल नाही. सगळ्यांना माहीत आहेत, मला कसली लाज?" मी पुसले नाहीत. अल्बममध्ये तिचे हात जसे होते तसेच गेले.

आणि माझ्या पोर्टफोलिओत? करारात ओळ होती, खाली तिची सही होती – फोटो कामाचा नमुना म्हणून दाखवायचा हक्क माझा. मग तिथे – कसं सांगू – तिथे मी डाग पुसले. दोन दिवस बसून, एकेक बोट जपत, मेंदीची एक रेघ न बिघडवता. काय सफाई होती! वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावला. गुरुग्रामच्या मुली यायच्या आणि म्हणायच्या, "ताई, अस्संच हवं यार!" माझी कॉलर टाइट. दाखवायचा हक्क होता, पण तिचे हात बदलायचा कुणी दिला होता? तेव्हा हे मनातही आलं नाही.

वर्षभराने रेवतीच्या नणंदेचं लग्न ठरलं. तिने माझी वेबसाइट उघडली आणि विचारलं, "वहिनी, तुझे हात असे कधी होते?" मग मला रेवतीचा फोन आला. ओरडली नाही. म्हणाली, "ताई, तुम्हाला एवढं सांगितलं होतं." आवाज रडवेला होता.

आणि मी – एरवी कुणाच्या बापाला न घाबरणारी – मी काय बोलले? "अगं, हल्ली सॉफ्टवेअर आपोआप करतं गं. माझ्या लक्षातच आलं नाही." जे काम मिरवत होते ते एका दमात यंत्राच्या नावावर ढकललं. तिला खरं वाटलं. उलट मलाच म्हणाली, "सॉरी ताई, मी उगाच मनात आणलं. आता माझा खरा फोटो लावाल ना?"

"आजच लावते," म्हटलं.

पुसलेला काढला, त्याच दिवशी. पण खरा लावला का? नाही. दुसऱ्याच नवरीचा लावला – स्वच्छ हातांची. स्वच्छ – हा शब्दही माझाच, बघा. कामं जातील ही भीती होती का? होती. पण त्याहून खरं हे की तिच्या हातांची लाज तिला नव्हती, मला होती.

तो खरा फोटो माझ्याकडे आहे. अधूनमधून उघडते. उजेड नेमका, हसू नेमकं, हात तिचे. त्याच्या तोडीचा फोटो मी पुन्हा काढलेला नाही, हे आजही छाती ठोकून सांगते.

पहिल्या पानावर अजून ती दुसरी नवरी आहे.