चेन वाजतेय

सायकलदुरुस्तीवाल्या काकांचा समुद्राशी संबंध काय तो गंजापुरता. किनाऱ्याच्या रस्त्याने फिरून आलेल्यांच्या सायकली उलट्या करायच्या, चेनमधली वाळू झाडायची आणि "खाऱ्या हवेनं वाट लावली" म्हणून करवादायचं, यात तीस वर्षं गेली. रस्त्याने जाणाऱ्या कुणाची चेन वाजली, तरी ते त्याला हाक मारून थांबवत. स्वतः मात्र त्या रस्त्याला कधी गेले नव्हते. शेवटी एका सकाळी काकूंनी दुकानाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि दोघं दोन सायकलींवर निघाले.

चढभर काकांची टकळी चालू होती. काकूंची सीट खाली आहे, मागचं चाक आउट आहे, ब्रेक सैल आहेत. मग शेवटचं वळण आलं आणि डोंगर बाजूला झाला. खाली समुद्र पार आभाळाला टेकेपर्यंत पसरला होता, आणि त्याच्या कडेकडेने तो रस्ता खडकांतून आत-बाहेर करत दिसेनासा होत होता. काका पाय टेकून उभेच राहिले. बऱ्याच वेळाने पुढे निघाले.

मागून काकू म्हणाल्या, "अहो, तुमची चेन वाजतेय."

"वाजू दे," काका म्हणाले.