बिननावाची प्रकरणे

कुंदाताई रामटेके यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर पंचा टाकलेला होता. नागपुरात, बर्डीवरच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, अंध वाचकांसाठी पुस्तके तयार करण्याचे आमचे केंद्र आहे. मी तेव्हा महाविद्यालयात मराठी शिकवत होतो आणि मुद्रितशोधनाला हातभार लावावा म्हणून तिथे गेलो होतो. हेडफोन लावून पंच्यासमोर बसलेल्या या बाई एकच कळ पुन्हा पुन्हा दाबत होत्या. मशीन बिघडले आहे का, असे मी विचारले.

"मशीन चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "मी पाहायचं बंद केलं आहे."

ही त्यांची कामाची रीत. आज पंच्याहत्तराव्या वर्षीही तीच आहे. पुस्तक डोळ्यांनी तपासून झाले की पडद्यावर पंचा येतो आणि दुसरी तपासणी कानांनी होते.

कुंदाताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या सर्वच वाचकांना हे काम माहीत असेल असे नाही. छापील पुस्तक स्कॅन करून त्याचा मजकूर संगणकावर घेतात, स्कॅनच्या चुका दुरुस्त करतात, आणि अंध वाचक ते पुस्तक संगणकाच्या आवाजात ऐकतो. डोळस माणूस पाने चाळतो. मोठी, ठळक अक्षरे दिसली की प्रकरण सुरू झाले हे त्याला कळते. ऐकणाऱ्याला अक्षरांचा आकार ऐकू येत नाही. 'हे शीर्षक आहे' अशी खूण त्या ओळीवर संगणकाला कळेल अशी करावी लागते. मग एक कळ दाबली की वाचक एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर पोचतो. खूण नसेल तर शेवटच्या प्रकरणापर्यंत जायला त्याला सगळे पुस्तक तुडवावे लागते.

नवे स्वयंसेवक बहुधा शीर्षक नुसते ठळक करून सोडतात. कुंदाताई त्याला भिंतीवर रंगवलेले दार म्हणतात. त्यांची नोकरी बुटीबोरीकडच्या एका शाळेत मराठी शिकवण्यात गेली, आणि दुरुस्ती सांगण्याची त्यांची पद्धत अजून वर्गातलीच आहे. त्या चूक दाखवत नाहीत. पंचा टाकतात, हेडफोन पुढे करतात आणि "जा तिसऱ्या प्रकरणात" एवढेच सांगतात.

त्यांच्या कामामागचा विचार मला एका कादंबरीच्या वेळी नीट कळला. म्हणून इतर अनेक गोष्टी बाजूला ठेवून तेवढेच लिहितो.

*

नरेश नेवारे आमच्या केंद्राचे जुने वाचक. पारशिवनी तालुक्यातले, जन्मांध, मराठीचे एम.ए. एका महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा निघाली होती आणि निवडीआधी त्यांना वर्गात एक पाठ घेऊन दाखवायचा होता. त्यासाठी नेमलेली कादंबरी आमच्याकडे घाईने तयार होत होती. तिच्यातल्या प्रकरणांना नावे नव्हती, आकडेही नव्हते. एक प्रकरण संपले की मधोमध एक छापील तारा, मग पुढचे.

पहिली तपासणी नीला पाठक यांनी केली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नीलाताई आमच्यासोबत आहेत. नरेशच्या सोयीसाठी त्यांनी प्रत्येक ताऱ्याच्या जागी एक शीर्षक घातले, त्यावर योग्य ती खूण केली आणि दिवस थोडे उरले म्हणून फाइल नरेशकडे पाठवूनही दिली. कुंदाताईंची तपासणी त्यानंतर सुरू झाली. पंच्याखाली ऐकता ऐकता त्या एका शीर्षकाशी थांबल्या. शीर्षक होते 'आईचा मृत्यू'.

त्यांनी कपाटातून छापील प्रत काढली. त्या प्रकरणात कोणी मरत नाही. घरात जेवणाची पाने मांडली जातात, आणि एक ताट कमी असते. तेवढेच.

"अहो, तो काय तारे मोजत बसणार?" नीलाताई म्हणाल्या. "मी त्याच्या सोयीचंच पाहिलं."

"आई गेली हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगितलं कोणी नाही. ताटावरून कळलं."

"मग त्यालाही ताटावरून कळू द्या."

नीलाताईंनी छापील प्रत ओढून ते पान पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "माझी नावं वाईट नव्हती."

"चांगली होती. म्हणून तर काढायची."

कुंदाताईंनी नरेशना फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावे म्हणून स्पीकर सुरू केला. नरेश वैतागले.

"ताई, पाठ तोंडावर आला जी. मी सगळं त्या नावांवर बसवून ठेवलं. आता काहून काढून राहिल्या?"

"ती पुस्तकात नाहीत म्हणून."

"पण मले तं पाहिजेत ना! एखादं पोट्टं उठून विचारंल, सर, हे कुठं आहे? तं मी काय सगळ्यांसमोर पूर्ण पुस्तक ऐकत बसू? नोकरी जाईन माही."

"जायला आधी लागायला तर पाहिजे."

नरेश हसले. "तेच तं म्हणून राहिलो मी."

फोन ठेवल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "त्याचंही खरं आहे." अंध वाचकाला पुस्तक डोळस वाचकापेक्षा कमी मिळू नये, हा आमच्या केंद्राचा नियम सर्वांना पाठ होता. जास्तही मिळू नये, हे आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. लेखकाने जे वाचकावर सोडले ते आपण आधीच सांगून टाकले तर नरेशच्या हातात दुसरेच पुस्तक पडते, आणि ते पुस्तक घेऊन ते परीक्षकांसमोर उभे राहणार होते. पण भर वर्गात चाचपडण्याची त्यांची भीतीही खोटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुंदाताईंनी नावे काढून टाकली, तारे परत आणले आणि शीर्षकाची खूण ताऱ्यावरच केली. पुस्तकात एक अक्षर वाढले नाही आणि प्रत्येक प्रकरणाला दार मिळाले. इतके साधे आमच्यापैकी कोणाला सुचले नव्हते, कारण शीर्षक म्हणजे शब्द असेच आम्ही धरून चाललो होतो.

संध्याकाळी नरेशचा फोन आला.

"ताई, कळ दाबली का स्टार, पुन्हा दाबली का स्टार. पूर्ण आभाळ भरलं जी! कोणता कोणाचा?"

"ताऱ्याच्या खालची ओळ ऐक. आम्ही तेच करतो. पान उलटायचं, पहिली ओळ पाहायची, नसेल तर पुढं जायचं."

"तुम्ही डोळेवाले बी असंच शोधता?"

"या पुस्तकात दुसरा इलाजच नाही."

मग त्यांनी नरेशना रोज केंद्रावर बोलावले. स्वतः शेवटच्या बाकावर बसल्या, शेजारी नीलाताईंना बसवले, आणि दोघींनी वात्रट विद्यार्थ्यांसारखे प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडले. "सर, मुलगी परत येते ते कुठं?" "सर, मी काल आले नव्हते, पुन्हा सांगा." नरेश कळ दाबत, पहिल्या ओळी भराभर ऐकत, चुकत, पुन्हा शोधत. हळूहळू प्रत्येक प्रकरणाची पहिली ओळ त्यांना ओळखीची झाली. सराव संपला की कुंदाताई त्यांना पारशिवनीच्या बसपर्यंत सोडायला जात आणि वाटेतही प्रश्न विचारत.

पाठाच्या दिवशी आम्ही कोणी तिथे नव्हतो. जे घडले ते नरेशनी सांगितले. परीक्षकांपैकी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मध्येच विचारले, "यातली आई कुठल्या प्रकरणात वारते?" नरेश म्हणाले, "सर, ती वारली असं पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही. ऐकवतो." त्यांनी हेडफोन काढून आवाज मोकळा केला आणि कळ दाबत गेले. पहिल्या ओळी एकामागून एक गेल्या, आणि हवी ती ओळ आल्यावर ते थांबले. संगणकाच्या सपाट आवाजात ताटे मांडली गेली. वर्ग ऐकत होता. एका मुलीने विचारले, "म्हणजे गेली का सर?"

"ताटं मोज," नरेश म्हणाले.

ती जागा त्यांना मिळाली. बातमी कळवायला ते केंद्रावर आले तेव्हा कुंदाताई दुसऱ्या कुठल्या पुस्तकावर होत्या. त्यांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. "आवाज मागच्या बाकापर्यंत गेला ना?" गेला, असे नरेश म्हणाले. "बरं झालं," म्हणून त्यांनी हेडफोन पुन्हा कानावर घेतला. त्या दिवशी पंचा धुवायला नीलाताईंनी घरी नेला. तेव्हापासून तो त्याच नेतात.

*

या ग्रंथाच्या संपादकांनी लेखात उपशीर्षके घालावीत, असे सुचवले होते: बालपण, सेवाकाळ, कार्य, स्वभाव. मी ती घातली नाहीत. हा ग्रंथ अंध वाचकांसाठीही तयार होणार आहे, आणि तो तपासायला कुंदाताई स्वतः बसणार, त्यांना कोणी थांबवू शकणार नाही. स्वतःवरच्या लेखावर त्या पंचा टाकतील. माझ्या दोन ताऱ्यांवर खुणा नीट आहेत का, तेवढे पाहतील आणि पुढच्या लेखाकडे जातील.

कुंदाताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे आणि त्यांचे कान असेच तीक्ष्ण राहावेत, ही आम्हा सर्वांची इच्छा आहे. त्यांच्या पुढच्या वर्षांना आम्ही आधीच नावे देत नाही. त्यांनी ती जगावीत. आम्ही पहिल्या ओळीवरून ओळखू.