पंख्याची पूजा आणि ओल्या काड्या

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा आहे. आमच्या आळीत अशी दोघं-तिघं आहेत, त्यांना मी ओट्यावर बसूसुद्धा देत नाही. मी इलेक्ट्रिकचा माणूस. तार जोडली की दिवा लागतो, तोडली की विझतो, बाकी सगळं थोतांड! तरी हे लिहितोय, कारण चार वर्षं झाली आणि हे डोक्यातून जात नाही... जाऊ दे म्हटलं तरी जात नाही.

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडे एक जिनिंग आणि तेलाची मिल होती. नाव लिहीत नाही. तिथं मी इलेक्ट्रिक सुपरवायझर. त्या वर्षी शेठनी नवीन शेड उभी केली. पेंडीत राहिलेलं तेल पेट्रोलसारख्या पातळ रसायनानं धुऊन काढायचं, असं ते काम. त्याला सॉल्व्हंट म्हणतात. शेडमध्ये पाऊल टाकलं की खवट पेंड आणि पेट्रोल असा मिसळलेला वास नाकात घुसायचा. घरी जेवताना भाकरीलाही तोच वास. शी!

आता या सॉल्व्हंटची वाफ कुठं एका ठिणगीला भेटली की संपलं. म्हणून तिथला पंखा साधा चालत नाही. फ्लेमप्रूफ लागतो. म्हणजे मोटरच्या आत ठिणगी पडली तरी ज्वाळा बाहेर येणार नाही, असं जाड बंद कवच. पाती पितळेची, घासली तरी लोखंडासारखी ठिणगी उडू नये म्हणून. आणि ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते, तेव्हा पंखा खाली बसवायचा. आठ दिवस कॅटलॉग चाळून मी हे सगळं कागदावर लिहून दिलं होतं.

शेठनी मुंबईहून पंखा आणला. पितळी पाटीवर ठसठशीत ‘फ्लेमप्रूफ’. बघितल्याबरोबर माझं डोकं सणकलं. पाटीचे रिव्हेट कोरे, आणि पाटीच्या कडेखालून मोटरचा हिरवा रंग खरवडलेला. कवच कसलं डोंबलाचं! मोटरला वारा खायची भोकं उघडी होती, आतली तार दिसत होती. भंगारातल्या कुठल्यातरी मोटरची पाटी काढून साध्या पंख्यावर ठोकली होती. वर हा पंखा बसवला भिंतीच्या पार वर, येणाऱ्या पाहुण्यांना दिसावा म्हणून.

शेठनी रजिस्टर पुढं सरकवलं. “पाटील, तपासून घेतला म्हणून सही करा.”

आणि मी केली. बायकोचे दिवस भरलेले, राहायची खोली मिलची... म्हटलं, नंतर सवडीनं बोलू. नंतर कसलं बोलतोय! मूग गिळून बसलो.

आता सुखदेव नानाबद्दल सांगायला हवं. जिनिंगमध्ये कापूस, म्हणून गेटवर खिसे तपासायला हा म्हातारा. कायम तोंडात तंबाखूचा तोबरा. कुणाच्या खिशात काडीपेटी सापडली की जप्त करायचा नाही. पेटी उघडायची, तिच्यात पचकन थुंकायचं, बंद करून त्याच माणसाच्या हातात परत द्यायची. इतका घाणेरडा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. मी एकदा शेठकडं तक्रारही केली होती. खंडेनवमीला मशिनांची पूजा व्हायची, तेव्हा हा दारात आडवा उभा. आत फक्त कुंकू आणि फूल. कापूर, उदबत्ती, आरती सगळं बाहेर अंगणात. त्या उन्हाळ्यात नाना तापानं गेला. शेठनी त्या जागी माणूस नेमलाच नाही.

खंडेनवमी आली. सकाळी दहाचा सुमार. वीस-बावीस माणसं, त्यात पेंड भरणाऱ्या बायाही, नवीन शेडमध्ये जमली. पंख्याला झेंडूची माळ, खाली ताटात कापूर. पूजा आधी, मग शेठ बटण दाबणार. मी दारातच थबकलो. वास रोजच्यापेक्षा दुप्पट होता. सॉल्व्हंटच्या पाइपाचा कुठलातरी जॉइंट रात्रभर ठिबकला होता, पायांशी थंड-थंड लागत होतं.

“शेठ, आरती बाहेर करू. आत काडी नको.”

“अहो पाटील, पंखा फ्लेमप्रूफ आहे ना? सही तुमचीच आहे!” शेठ हसले. चारचौघं हसली.

पंखा फ्लेमप्रूफ असला तरी काडी थोडीच फ्लेमप्रूफ होते! पण सहीचं नाव निघालं आणि मी दाराशीच मागं सरलो. दगडू आबा, आमचा सगळ्यात जुना कामगार, पूजेचा मान त्याचा. त्यानं शेठच्या हातातली कोरी पेटी घेतली, माझ्यादेखत वरचा कागद फाडला, काडी ओढली.

काही नाही. दुसरी... तिसरी... मी डोळे मिटून घेतले होते. आबाचा आवाज आला, त्याच्या अहिराणीत.

“हाई काय शे? बठ्ठ्या काड्या ओल्या शेत!”

शेठ वैतागले, खिशातली दुसरी कोरी पेटी दिली. तिचीही तीच गत. आबानं पेटी नाकाशी नेली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं ती माझ्या हातावर ठेवली. बुळबुळीत, कोमट... काड्यांच्या गुलावर तपकिरी लाळ, आणि तंबाखूचा तो वास.

“सुखदेवनी थुकी शे,” आबा हळूच म्हणाला. “मरी ग्या, तरी सवय नही गई त्यानी.”

“राहू द्या ती आरती!” शेठ ओरडले आणि बटणाकडं वळले.

मग मात्र मला कंठ फुटला. “हात लावू नका! पाटी खोटी आहे. पंखा साधा आहे, मी सही खोटी केलीय. सगळे बाहेर व्हा!” मी धावत बाहेरच्या खोलीत गेलो, मेन स्विच पाडला. मागं बघतो तर दगडू आबा बायांना ढकलत बाहेर काढत होता. शेवटी तो निघाला, त्याच्यामागं शेठ.

अंगणात, शेडपासून चांगलं लांब, कडुलिंबाखाली आबानं माझ्या हातातल्या त्याच पेटीतली काडी ओढली. पहिल्या झटक्यात पेटली!

माझी नोकरी गेली, खोली गेली. मुलगी मामाकडं शिरपूरला जन्मली. हायस्कूलच्या सायन्सच्या मास्तरांना मी विचारलं, की वाफेनं काडी विझते का? ते म्हणाले, ज्योत विझेल, पण गूल ओला कसा होईल? आणि ओला झाला तर पाच मिनिटांत वाळेल कसा? मी म्हटलं, मलाच विचारताय होय!

ती पेटी अजून आहे, ट्रंकेत, कागदात गुंडाळलेली. बायको म्हणते, फेका ती घाण. नाही फेकत. त्या शेडमध्ये त्या दिवशी सगळ्यात घाण होती ती रजिस्टरातली माझी सही. थुंकी तर निघून गेली, हात धुतल्यावर.