माई इनोसेंती

जोहान्सबर्गच्या उत्तरेला, बिकिताच्या त्या मुलखात पोराचं नाव लाडाने ठेवत नाहीत, कुणाला तरी ऐकवायला ठेवतात. इनोसंटचा जिवलग मित्र नोमॅटर. लग्नाच्या वेळी सासुरवाडीने केलेला अपमान त्याच्या बापाने ‘काही हरकत नाही’ म्हणून गिळला, आणि तेच इंग्रजीत पोराच्या गळ्यात बांधलं. त्यामानाने इनोसंट नशीबवान.

त्याचं नाव ठेवलं त्याच्या आईने, माइदेईने. नवरा मथायस बुलावायोला रेल्वेत होता. सुटीवर येऊन गेला आणि पोर जरा लवकर जन्माला आलं. झालं! मथायसची थोरली बहीण फेबीआत्या बोटं मोजत आली आणि अंगणात उभी राहून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी ओरडली, “हे आमचं रक्त नाही!” मथायसचा बायकोवर विश्वास होता हो, पण थोरल्या बहिणीपुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती.

माइदेई रडली नाही की भांडली नाही. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरला तिने विचारलं, “ज्याचा काही दोष नाही, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?”

“इनोसंट,” सिस्टर म्हणाली. “मोठं नाव आहे हं. जुन्या काळी कितीतरी पोपांनी घेतलं होतं.”

“पोपांचं राहू द्या बाई त्यांच्यापाशी. मला अर्थ हवाय.”

आता गंमत बघा. तिथे पहिलं पोर झालं की बाईचं स्वतःचं नाव सुटतं, जो तो तिला पोराची आई म्हणूनच हाक मारतो. म्हणजे विहिरीवर, गिरणीत, चर्चच्या दारात दिवसभर एकच घोष, माई इनोसेंती, म्हणजे इनोसंटची आई. “माई इनोसेंती, चिमूटभर मीठ आहे का?” “माई इनोसेंती, तुमची शेळी आमच्या मक्यात शिरलीय!” आत्याचं बोलणं ज्यांनी कान टवकारून ऐकलं होतं, तीच माणसं आपल्या तोंडाने तिला रोज निर्दोष ठरवत होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता. एवढी अक्कल त्या बाईला सुचली कुठून, देव जाणे!

फक्त फेबीआत्या बधली नाही. ती भावजयीला ‘मथायसची बायको’ म्हणायची आणि पोराला ‘अरे ए’. मथायसला माती दिली त्या दिवशीसुद्धा, “मथायसची बायको, लोकांना पाणी दे.” तेवढा एक आवाज गप्प होता, आणि माइदेईला हवा होता नेमका तोच.

इनोसंट लहानपणी नावाला वैतागायचा. वर्गाची काच फुटली की मास्तर मुद्दाम त्यालाच आधी उभं करायचे. मोठा झाल्यावर रस्त्यावर पोलीस गाडी अडवून नाव विचारी, हा सांगे, आणि पोलीस म्हणे, “ते मी ठरवीन, तू खाली उतर.” मग कधीतरी नोमॅटरच्या आजीकडून त्याला सगळी हकीकत कळली, आणि त्या दिवसापासून नाव सांगताना त्याची मान ताठ होऊ लागली. “आईने आपली अब्रू माझ्या हातात दिली आणि निर्धास्त झाली,” असं तो बायकोला, शायलेटला, सांगे. आईचे उपकार सांगायला लागला की थांबायचा नाही. शायलेट म्हणायची, “पुरे, ताट निवतंय.”

इनोसंट गवताने घरं शाकारायचा. हात असा की त्याने शाकारलेल्या छपरातून थेंब गळत नसे. त्या वर्षी डोंगराला वणवा लागला आणि वस्तीला पुरेल एवढं गवत जळून गेलं. त्यातच वाऱ्याने फेबीआत्याच्या स्वैपाकघराचं छप्पर उचलून नेलं. आत्याचे मुलगे जोहान्सबर्गला. फोनवर ‘येतो, येतो’ म्हणत होते. चांगलं गवत उरलं होतं एकाच घरी, माइदेईकडे. वणव्याच्या आधीच तिने ते स्वतःच्या हातांनी कापून, स्वतःच्या स्वैपाकघरासाठी रचून ठेवलं होतं.

“ते घेऊन जा वन्संकडे,” ती म्हणाली.

“आई, आपलं छप्पर गळतंय! आणि तिने एकदा तरी तुझं नाव घेतलंय का?”

“म्हणूनच.”

“म्हणजे लाच देतेस?”

“हो, लाच. बघू तरी खाते का. आणि नाहीच खाल्ली तरी म्हातारी उघड्यावर कशी शिजवेल? चल, उचल.”

इनोसंटने धुसफुसत गवत वाहिलं. तो वर चढून शाकारायचा, आई खालून पेंढ्या द्यायची. फेबीआत्या झाडाखाली पाय पसरून बघत होती.

“अरे ए, गवत कुणाचं?”

“आईचं.”

“आणि तिच्या स्वैपाकघराला?”

“पुढच्या वर्षी बघू म्हणते.”

आत्याने उठून एक कोंबडी धरली. कापली, शिजवली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, साडझा, घोटली. तोवर शेवटची पेंढी बसली होती. आत्या नव्या छपराखालून वर बघत बाहेर आली. माइदेई सांडलेलं गवत झाडत होती.

“माई इनोसेंती,” आत्या पुटपुटली, “या जेवायला.”

माइदेईचा झाडू थांबला. इनोसंट उतरायचं सोडून छपरावरच बसला. डोळे असे भरले होते की शिडी दिसत नव्हती.

“काय म्हणालात, वन्सं?” माइदेईने विचारलं. “नीट ऐकू नाही आलं.”

“आता काय सगळ्या वस्तीला ऐकवू?”

“हो. तेव्हा ऐकवलंत, तसंच.”

आत्याने डोक्याचा रुमाल सारखा केला. भावजयीकडे बघितलं, मग त्या छपराकडे. अंगणाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली आणि होता नव्हता तो दम लावून हाक मारली, “माई इनोसेंतीऽऽ!”

पलीकडच्या अंगणातून कुणीतरी दचकून विचारलं, “काय झालं हो, फेबी?”

“काही नाही,” आत्या ओरडली. “माई इनोसेंतीला जेवायला बोलावतेय!”