लगदाताईंचा चुकलेला अंदाज

कचेरीत तिला सगळे लगदाताई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या त्या कचेरीत ती एकोणीस वर्षं एकच काम करत होती. पुढच्या दहा वर्षांत जगाला लाकडाचा लगदा किती लागेल, याचा अंदाज बांधायचा. प्रत्येक देशाची लोकसंख्या, लोकांची कमाई, शाळेत जाणारी मुलं, वर्तमानपत्रांचा खप, सगळं गणितात घालायचं आणि येईल तो आकडा कागद गिरण्यांना आणि लागवडवाल्यांना कळवायचा. तिच्या भरवशावर लोक हजारो झाडं लावत, म्हणून ती प्रत्येक आकडा तीनतीनदा ताडून बघे.

कागदाची ओढ वडिलांकडून आली होती. ते वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काना-मात्रेच्या चुका शोधल्या, आणि निवृत्त झाल्यावरही औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर लाल पेन्सिलीने दुरुस्त करत.

मग वर्तमानपत्रं धडाधड बंद पडू लागली. तिचं गणित म्हणालं, मागणी घसरणार. तीन वर्षं उलटली तरी मागणी आपली वाढतेच आहे! घरपोच सामानाच्या खोक्यांचा आकडा तिने मागाहून मिळवला, तरी तफावत उरलीच.

बैठकीत साहेब म्हणाले, "लगदाताई, तुमचं गणित अजून पेपर वाचत बसलंय. जग केव्हाच उठून गेलं."

सगळे हसले. तीही हसली, पण त्या दिवशी डबा तसाच घरी गेला. आपल्याला आता हे काम जमत नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

त्याच आठवड्यात वडील न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. उठता येईना, म्हणून त्यांना मोठ्या माणसांचे लंगोट, म्हणजे डायपर, लावायची वेळ आली. बदलायची वेळ झाली की ते भिंतीकडे तोंड करत आणि नंतर तासभर कोणाशी बोलत नसत.

इस्पितळातल्या त्यांच्या वॉर्डातली सिस्टर अंगाने थोराड आणि आवाजाने त्याहून. "आजोबा, माझ्यापुढे कसली लाज? मी काय आज बघतेय होय!" असं म्हणत तिने एका दुपारी पाकिटातून नवा लंगोट ओढून काढला, तो कडेला टरकन फाटला. आतून कापसासारखं पांढरं काहीतरी चादरीवर सांडलं.

लगदाताईंनी ते चिमटीत घेतलं, चोळून बघितलं. लाकडाचा पिंजलेला लगदा!

"सिस्टर, दिवसाला किती लागतात हो असे?"

"एकेकाला चार-पाच. मी नोकरीला लागले तेव्हा फडकी धुवायचो, ताई. हात सोलून निघायचे. आता वापरा नि फेका. आणि जरा वॉर्डभर नजर टाका, निम्मे सत्तरीच्या पुढचे."

तिने नजर टाकली. एकोणीस वर्षं आपण शाळेतली मुलं मोजली, आणि म्हातारी माणसं एकदाही नाहीत!

"काय झालं ग?" वडिलांनी भिंतीकडूनच विचारलं.

"बाबा, तुमचा पेपर आणि हा लंगोट, दोन्हीचा लगदा झाडाचाच."

त्यांनी मान जराशी वळवली. मग म्हणाले, "म्हणजे जन्मभर मी त्याच्या चुका काढल्या, आता तो माझ्या झाकतोय."

सिस्टर एवढ्याने हसली की समोरचे आजोबा दचकून जागे झाले. वडील कुशीवर वळले ते हसतच. पडल्यापासून पहिल्यांदा.

पुढचे चार महिने लगदाताईंनी देशोदेशींच्या म्हाताऱ्यांची संख्या गोळा केली, तान्ही बाळं धरली, हात-तोंड पुसायचे कागद धरले. तफावत सगळी मिटली नाही, पण खूपच कमी झाली. साहेबांनी अहवाल वाचून स्वतः तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. त्यांचा आक्षेप फक्त आभाराच्या पानाला होता.

"इथे तज्ज्ञांची नावं असतात, ताई."

"तज्ज्ञच आहेत त्या," ती म्हणाली, आणि सिस्टरचं नाव सगळ्यांत वर राहिलं.

छापील प्रत घेऊन ती वॉर्डात गेली. सिस्टरने हात एप्रनला पुसून ते पान उघडलं, दोनदा वाचलं.

"अहो, मी तर नुसता लंगोट फाडला!"

"बाबांना हसवलंत," लगदाताई म्हणाली. सिस्टरने तिला सरळ कुशीत ओढलं.