मेलवर ठोकलेला नंबर

खुर्सीपारच्या आमच्या बुद्ध विहारात कमिटीची बैठक झाली की एखादा किस्सा मागं राहतेच. कोणी झाडून टाकत नाही, म्हणून साचत जातात. यंदाचे सारे माझ्या सुनेचे, सरिताचे. सासरा सांगून राहिला, थोडं कौतुक जास्त झालं तं समजून घ्या.

*

मागच्या वर्षी वधू-वर मेळाव्याची निमंत्रणं सरितानं मेलनं धाडली. सारी स्पॅममधे पडली, मांडव रिकामा. लोक म्हणाले, "सूनबाईनं पाठवलीच नाही." ते तिले लई लागलं.

यंदा म्हणाली, "बाबा, मेलवर आपल्या डोमेनची, म्हणजे विहाराच्या इंटरनेटवरच्या पत्त्याची सही पाहिजे. नाहीतर समोरचा ओळखत नाही."

मी पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधे रुळावर हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या कोणत्या खेपेचं पोलाद हाय तो नंबर, ठोकत होतो. बिननंबरच्या रुळाले इन्स्पेक्टर हात लावत नसे. म्हणलं, "म्हणजे नंबर ठोकाचा हाय."

"हो बाबा. फक्त हातोडा नाही."

*

बैठकीत तिनं समजावलं. दोन चाव्या बनतात. एक आपल्या मेलच्या मशीनमधे लपलेली, तिच्यानं सही होते. दुसरी डोमेनच्या नोंदीत, साऱ्या जगाले उघडी. तिच्यानं सही तपासतात.

आमच्या दानपेटीची चावी कोणाकडे, यावर कमिट्या फुटल्या हायेत. अध्यक्ष मेश्राम भाऊ उठलेच. "चावी उघड्यावर? ठराव होणार नाही."

"काकाजी, त्या चावीनं काही उघडत नाही. सही आपलीच हाय का, तेवढं समजते."

खजिनदार वानखेडे बाई म्हणाल्या, "मंग तशीच एक दानपेटीले बी बनव."

*

नोंद टाकली, पण ती सगळीकडे पसराले वेळ लागते म्हणे. भाऊ घडीघडी विचारत, "झालं का?"

मी म्हणलं, "भाऊ, वरण शिजून राहिलं. झाकण नका उघडू."

"तुमाले यातलं काय समजते?"

"मले वाट पाहता येते."

*

पहिली तपासणी फेल. चावी म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ, ती नोंदीत चिकटवताना शेपूट कापलं गेलं होतं. सरितानं शोधून जोडलं अन् मले मेल धाडला. इनबॉक्समधेच आला. तिनं बोट ठेवून दाखवलं, "बाबा, हे पास लिहून आलं."

मी शाळेत गेलो नाही. माझ्या मोबाईलवर आलेला तो पहिलाच पास. अजून पुसला नाही.

*

निमंत्रणं पोचली, दुर्गपासून नागपूरपर्यंत लोकांचे होकार आले. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मेश्राम भाऊ तणतणत आले. "मी सकाळी सगळ्यांले मेल केला, एकालेही नाही गेला. सूनबाईचं काम फसलं."

सारे सरिताकडे पाहू लागले. तिनं भाऊंचा मोबाईल पाहिला. कोण्या फुकटच्या ॲपवरून, विहाराचा मेल-पत्ता लावून भाऊंनी मेल सोडला होता.

"काकाजी, आपल्या नावानं बिनसहीचा मेल आला तं घेऊ नका, असं मी डोमेनच्या नोंदीत साऱ्या जगाले सांगून ठेवलं हाय."

"पण मी अध्यक्ष हाव."

"मशीनले कसं समजन?"

भाऊंनी मोबाईल खिशात टाकला अन् घरी गेले. दुसऱ्या दिवशी मांडवात उभं राहाले जागा नाही. भाऊंनी माईक घेतला, छाती फुगवली अन् म्हणाले, "बंधू-भगिनींनो, आपल्या सरितानं विहाराची व्यवस्था इतकी पक्की केली हाय, का खुद्द अध्यक्षालेही दारातून वापस धाडते."